सिनेटर प्रिचेट ह्यांच्या नावाची शाळा

एल्डरटन, व्हर्जिनिया
३ ऑगस्ट २०२५

प्रिय नंदाआत्या,

नमस्कार. फोनवर तुला नीट ऐकू येत नाही आणि व्हिडिओ कॉलवर तुला माझं नुसतं कपाळ दिसतं. म्हणून तुझी सूनबाई इला म्हणाली, सरळ पत्र लिही. शाळेनंतर पहिल्यांदाच इतकं मराठी लिहितोय, चुका पोटात घाल.

बातमी तुला कळलीच असेल. राज्याच्या विधिमंडळासाठी मला रिपब्लिकन पक्षाचं तिकीट मिळालंय. एकवीस वर्षांपूर्वी पुण्याहून एक सूटकेस घेऊन आलेला तुझा भाचा आता रोज दारोदार फिरून हात मिळवतो. लोक नाव विचारतात, मी 'सॅम' म्हणतो, आणि बाबांची आठवण येऊन जरा ओशाळतो.

आता काम. आमच्या काउंटीत नवीन हायस्कूल होतंय आणि त्याला सिनेटर लेलंड प्रिचेट ह्यांचं नाव द्यायचं घाटतंय. अठ्ठावीस वर्षं ते राज्याच्या सिनेटमध्ये होते. रस्ते, दवाखाने, कमी टॅक्स, सगळं त्यांच्या नावावर आहे. शिवाय राज्यातल्या कॉन्झर्व्हेटिव्ह नेत्यांच्या इतिहासाची एक पुस्तिका पक्ष काढतोय. तिची प्रस्तावना मी लिहायची आणि ऑक्टोबरात स्कूल बोर्डापुढे नावाच्या बाजूनं बोलायचं, असं ठरलंय. गुरुकाका अमेरिकेत पहिल्यांदा आले ते ह्याच काउंटीत ना? रंगाच्या कारखान्यात केमिस्ट म्हणून? मला ते सांगायचंय. आपल्या घरातला पहिला माणूस आला, आणि प्रिचेटसाहेबांच्या व्हर्जिनियानं त्याला आपलं म्हटलं. काकांचा त्या वेळचा एखादा फोटो पाठवशील? एलेनकाकूंकडे नक्की असेल.

तुझा,
संग्राम


श्रूजबरी, मॅसॅच्युसेट्स
११ ऑगस्ट

चि. संग्राम,

आशीर्वाद. आज ते हात आखडूनच देते आहे.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचताना चहा उतू गेला आणि विनीतानं येऊन गॅस बंद केला. लेक विचारायला लागली, आई, कोण गेलं? म्हटलं, गेलं कुणी नाही, आपल्या संग्रामची अक्कल गेली आहे.

व्हर्जिनियानं गुरुदादाला आपलं म्हटलं? कुणी सांगितलं तुला? तुझ्या बापानं सांगितलं असेल की दादाला बोस्टनकडे चांगली नोकरी लागली म्हणून तो तिकडे गेला. घरात तसंच सांगायची पद्धत होती. आता खरं ऐक.

दादा १९६२ साली शिकायला आला. पुढे एल्डरटनच्या कारखान्यात लागला. एलेनवहिनी तिथल्या शाळेत तिसरीला शिकवायची. तिची गाडी चिखलात रुतली होती, ह्यानं ढकलून दिली, आणि कपडे बरबटून घेतले म्हणून तिनं ह्याला जेवायला बोलावलं. तेव्हा व्हर्जिनियात कायदा होता, गोऱ्या माणसानं गोऱ्याशीच लग्न करायचं. म्हणून ते दोघं १९६५च्या नाताळात वॉशिंग्टनला गेले, तिथे रीतसर लग्न केलं आणि परत आले. बाहेर जाऊन लग्न करून परत येणं हाही गुन्हाच. एक ते पाच वर्षांचा तुरुंग.

१९६६च्या मार्चमध्ये सकाळी सातला शेरीफ दारात. वहिनी शाळेत जायला निघाली होती, हातात मुलांच्या वह्या. त्यानं दादाला विचारलं, "ही बाई तुझी कोण?" दादा म्हणाला, "माझी बायको." तो म्हणाला, "इथे नाही." दहा दिवसांत राज्य सोडा, नाहीतर दोघांवर खटला. त्याच दुपारी वहिनीला शाळेनं काढलं. वह्या तपासून परत करायच्या राहिल्यात, एवढं तरी करू द्या, म्हणून ती हेडमास्तरीणबाईंच्या दाराशी उभी राहिली. दार उघडलं नाही.

आणि त्या कायद्याची सिनेटमध्ये सगळ्यांत मोठ्यानं तरफदारी कोण करत होतं, माहीत आहे? तुझे प्रिचेटसाहेब. काळी मुलं गोऱ्यांच्या वर्गात बसू नयेत म्हणून शाळांना कुलपं लावायचा कायदा झाला, तेव्हा हात वर करणाऱ्यांतही तेच. ज्यानं शाळांना कुलपं लावली त्याचं नाव शाळेला देता? आणि त्यासाठी फोटो माझ्या भावाचा हवा?

फोटो मिळणार नाही. वहिनी चौऱ्याऐंशीची आहे. दर आठवड्याला मी तिच्याकडे जाते, तिच्या कानावर ह्यातलं काही घालणार नाही.

नंदाआत्या


एल्डरटन
२० ऑगस्ट

प्रिय आत्या,

तुझं पत्र वाचून इला रडली.  खरंच, ह्यातलं काहीही मला माहीत नव्हतं. काका इतक्या वेळा भेटले, पण एक शब्द बोलले नाहीत. मला वाटायचं, स्वभावच अबोल.

पण एक सांगू? चिडू नकोस. प्रिचेट तेव्हा डेमोक्रॅट होते, आमच्या पक्षात ते बऱ्याच नंतर आले. त्या काळी इथले सगळेच कॉन्झर्व्हेटिव्ह तिकडे होते. आणि तो काळच तसा होता. पुढे ते बदलले असं लोक म्हणतात. म्हातारपणी काळ्या लोकांच्या चर्चला त्यांनी जमीन दिली. माणसाला त्याच्या एका मताला खिळून ठेवायचं का? साठ वर्षं झाली, आत्या. मी टॅक्ससाठी, शाळांच्या दर्जासाठी उभा आहे. उद्या मी मागे हटलो तर म्हणतील, बघा, बाहेरचा तो बाहेरचाच.

तरीही मी त्यांच्या प्रेमात आंधळा नाही. रिचमंडच्या राज्य ग्रंथालयात त्यांचे सगळे कागद ठेवलेत. पुढच्या आठवड्यात सुट्टी काढून जातो. ते नेमकं काय बोलले ते स्वतः वाचतो आणि मग ठरवतो. शिवाय काकांची तक्रार कुणी केली तेही कदाचित तिथे सापडेल.

संग्राम


श्रूजबरी
२६ ऑगस्ट

संग्राम,

काळ तसा होता म्हणे! त्याच काळात वहिनी होती. वहिनीचा भाऊ होता, त्यानं शेतावरचा ट्रक आणून ह्यांचं सामान मॅसॅच्युसेट्सपर्यंत पोहोचवलं. तीही माणसं व्हर्जिनियाचीच. तीही चर्चला जाणारी, जुन्या वळणाचीच. मग काळ काय फक्त प्रिचेटलाच बाधला?

आणि पक्षाचं मला सांगू नकोस. झेंडा बदलला म्हणून हात धुतले जात नाहीत. चर्चला जमीन दिली ठीक आहे, पण 'मी चुकलो' असं कधी म्हणाला का तो? एकदा तरी? वहिनीला एक पोस्टकार्ड? सुप्रीम कोर्टानं १९६७ला कायदा मोडीत काढला तेव्हासुद्धा भाषण ठोकून मोकळा झाला की राज्याचा अपमान झाला. राज्याचा! वहिनीचा नाही.

ग्रंथालयात जायची काही गरज नाही. मी सांगितलं तेवढं पुरेसं आहे. कुणी चुगली केली ते शोधून आता कुणाचं भलं होणार? असेल एखादा शेजारी. बोलायचं नाकार आणि गप्प घरी बस.

नंदाआत्या


एल्डरटन
८ सप्टेंबर

आत्या,

सोबत झेरॉक्स आहे. तू बसून वाच.

मी रिचमंडला गेलो होतो. १९६६च्या खोक्यात मतदारांची पत्रं होती आणि त्यांत एक निळं आंतरराष्ट्रीय पत्र होतं. शिक्का कऱ्हाडचा. सही आबांची. माझ्या आजोबांची! मी खुर्चीतून उठलो आणि तिथल्या बाईंना वाटलं मला चक्कर आली.

आबांनी त्या माणसाला लिहिलंय की माझ्या मुलाला फसवून लग्नात ओढलंय, तुमच्या राज्याच्या कायद्यानुसार ते मोडून द्यावं आणि त्याला घरी पाठवावं. पत्ता दिलाय. घराचा नंबरसुद्धा! आणि एक वाक्य आहे. 'आमच्या पूर्वजांचं शहाणपण आणि आपला कायदा ह्यांचं मन एकच आहे.' प्रिचेटनं ते लाल पेन्सिलीनं अधोरेखित केलंय. सिनेटच्या भाषणात त्यानं ते वाचून दाखवलं. बघा, म्हणाला, पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाचा ब्राह्मण पंडितही हेच सांगतो. वर्तमानपत्रातही ते वाक्य आलंय. भाषण फेब्रुवारीतलं, शेरीफ आला मार्चमध्ये.

माझा इतका संताप झालाय की कुणावर काढू कळत नाही. प्रिचेटवर? आबांवर? ज्यांच्या फोटोला मी दर दसऱ्याला हार घालतो?

आणि आत्या, आबांना इंग्रजी येत नव्हतं. ते संस्कृतचे मास्तर. बाबा तेव्हा पंधरा-सोळा वर्षांचे. हे अक्षर माझ्या ओळखीचं आहे. त्याच अक्षरात इंग्रजी पत्ता घातलेली तुझी दोन पाकिटं माझ्या टेबलावर पडली आहेत.

शेजारी म्हणालीस तू मला. शेजारी!

संग्राम


श्रूजबरी
१५ सप्टेंबर

चि. संग्राम,

हो. अक्षर माझं आहे.

मी एकोणीस वर्षांची होते, बीएला इंग्रजी घेतलं होतं. दादानं लग्नाचं आबांना कळवलं ते विश्वासानं. लिहिलं होतं की इथला कायदा आमच्या विरुद्ध आहे, प्रिचेट नावाचा एक आमदार त्यावर आग ओकत असतो, म्हणून आम्ही गुपचूप राहतो, तुम्हीही कुणाला बोलू नका. आबा दोन दिवस जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी मला हाक मारली आणि म्हणाले, "कागद घे." ते मराठीत सांगत गेले, मी इंग्रजीत लिहीत गेले.

मी नको म्हटलं नाही. तुला वाटेल, बापाच्या धाकानं लिहिलं असेल. धाक होताच. पण खरं सांगायचं तर मला आनंद होत होता. माझं लग्न ठरत आलं होतं आणि दादाच्या ह्या भानगडीनं ते मोडेल अशी भीती आईनं माझ्या डोक्यात भरली होती. परदेशात बसलेल्या त्या बाईचा मला राग होता, तिचं तोंडही न पाहता.

आता सगळ्यांत वाईट ते. लाल पेन्सिलीनं खूण केलेलं ते वाक्य आबांचं नाही. आबा एवढंच म्हणाले होते, "त्याला लिही, आमच्यातही हे चालत नाही." मला ते फार रुक्ष वाटलं. मी ते सजवलं. लिहून झाल्यावर मोठ्यानं वाचून पाहिलं आणि मला माझाच अभिमान वाटला. तुझ्या झेरॉक्सवर ते साठ वर्षांनी वाचलं आणि कागद पालथा घातला.

माझं ते लग्न तरीही मोडलं. पुढे दुसरं झालं, आणि १९७४ साली आम्हां दोघांना इथे कुणी आणलं? दादानं. विमानतळावर वहिनी माझ्यासाठी कोट घेऊन उभी होती. सात महिने आम्ही त्यांच्या घरी राहिलो. विनीताच्या वेळचं माझं बाळंतपण वहिनीनं केलं, डिंकाचे लाडू कुणाकुणाला विचारून वळले. दर महिन्याला ठरवत होते, आज सांगते. दादा गेला त्या दिवशी हॉस्पिटलमध्ये त्याचा हात माझ्या हातात होता, तेव्हाही सांगितलं नाही. तो म्हणाला, "नंदे, एलेनला सांभाळ." मी बरं म्हटलं.

तुला मी जी पत्रं लिहिली त्यांतला राग खोटा नव्हता. प्रिचेटचा मला खरंच संताप येतो. पण अर्धा राग माझ्या वाटचा होता, तोही मी त्याच्याच खात्यावर टाकत आले.

ते पत्र जाळून टाक असं मी म्हणणार नाही. तुला काय करायचं ते कर.

नंदा


एल्डरटन
२२ सप्टेंबर

आत्या,

खूप कागद फाडले, मग हे लिहितोय.

पुस्तिकेची प्रस्तावना मी लिहिणार नाही असं काल कळवलं. काउंटीतल्या पक्षाच्या चेअरमनसाहेबांचा फोन आला. "सॅम, घरगुती गोष्ट आहे, घरातच ठेव. तुझ्या आजोबांचंच नाव बाहेर येईल." समजुतीनं बोलत होते, आणि त्यामुळेच माझं डोकं फिरलं. म्हणजे प्रिचेटला वाचवायला आता पुन्हा आबांनाच पुढे करायचं! १९६६ला केलं तेच.

बोर्डाची सुनावणी ७ ऑक्टोबरला आहे. मी नावाच्या विरुद्ध बोलणार आणि दोन्ही गोष्टी वाचणार, त्याचं भाषण आणि आपलं पत्र. तिकीट राहो की जावो. पण एलेनकाकूंना हे पेपरातून कळता कामा नये. माझ्याकडूनही नाही. तुझ्याकडून कळायला हवं. तुझ्याजवळ दोन आठवडे आहेत.

तुझ्यावर रागावलोय. किती दिवस राहीन ते सांगता येत नाही.

संग्राम


श्रूजबरी
१ ऑक्टोबर

चि. संग्राम,

सांगितलं.

गेल्या गुरुवारी गेले. वहिनी खिडकीशी बसून शब्दकोडं सोडवत होती. मी झेरॉक्स तिच्या पुढ्यात ठेवली आणि म्हटलं, "हे मी लिहिलं." तिनं चष्मा बदलला. सावकाश, शेवटपर्यंत वाचलं. तिनं कितीतरी वर्षं मुलांच्या वह्या तपासल्या आहेत, तसंच एकेका ओळीवर बोट ठेवून वाचलं.

मग म्हणाली, "गुरूला माहीत होतं?"

"नाही."

"मरेपर्यंत तो स्वतःला दोष देत होता, नंदा. कारखान्यात कुणापाशी आपण बोलून गेलो असं त्याला वाटायचं. त्याचा एक मित्र होता, रॉय. त्याच्याशी त्यानं त्या दिवसापासून बोलणं टाकलं. रॉयची ख्रिसमसची कार्डं यायची, हा न उघडता टाकून द्यायचा. वीस वर्षं!"

मी पाया पडायला वाकले. तिनं पाय मागे घेतले. "ते करू नकोस," म्हणाली. "माझ्याकडे आता थोडी वर्षं उरली आहेत, त्यांतली दुपार मी तुला धीर देण्यात घालवणार नाही. जा."

मी रविवारी फोन केला, उचलला नाही. सोमवारी तिच्या इमारतीच्या डेस्कवरच्या मुलीनं मला खालीच थांबवलं. अवघडून म्हणाली, मिसेस एलेन भेटणार नाहीत.

काल मात्र तिनं विनीताला फोन करून तुझा नंबर मागितला. ती तुझ्याशी काय बोलली ते मला माहीत नाही. मला विचारायचा हक्क नाही, पण तिची तब्येत विमानप्रवासाची नाही, एवढं ध्यानात ठेव.

नंदा


एल्डरटन
९ ऑक्टोबर

प्रिय आत्या,

आधी तब्येत. काकू ठणठणीत आहेत. इला बोस्टनला जाऊन त्यांना घेऊन आली. व्हीलचेअर लागली, पण बोर्डाच्या हॉलमध्ये त्या स्वतःच्या पायांनी चालत गेल्या. साठ वर्षांत त्यांनी एल्डरटनमध्ये पाऊल टाकलं नव्हतं.

हॉल भरला होता. प्रत्येकाला तीन मिनिटं. माझ्याआधी अकराजण प्रिचेटचे गुण गाऊन गेले. मी भाषण वाचलं, आबांचं पत्र वाचलं. मागून कुणीतरी ओरडलं, "मग तुझ्या आजोबांच्या नावाची शाळा मागतंय कोण?" लोक हसले. मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि वेळ संपल्याची घंटा झाली.

मग काकूंचं नाव पुकारलं. त्या माइकपाशी गेल्या आणि उंची कमी करायला सांगितली. म्हणाल्या, "माझं नाव एलेन. मी इथे तिसरीला शिकवत होते. सव्वीस मुलांच्या वह्या माझ्याकडे राहिल्या. त्या मुलांना न भेटताच मला जावं लागलं." हॉलमध्ये पाठीमागे एक टक्कल पडलेले गृहस्थ उभे राहिले. त्यांनी हात वर केला, शाळेत करतात तसा, आणि तसेच उभे राहिले. काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. घंटा वाजवणाऱ्या माणसानं घड्याळ उलटं करून ठेवलं.

बोर्डाच्या एका सदस्यानं विचारलं, "मॅडम, पण मूळ तक्रार तर तुमच्याच सासरची होती ना? सिनेटरना दोष कसा द्यायचा?"

मला वाटलं, झालं. काकू म्हणाल्या, "ते पत्र माझ्या नणंदेनं लिहिलं. ती एकोणीस वर्षांची होती, तिच्या हातात पेन होतं. तो त्रेपन्न वर्षांचा होता, त्याच्या हातात शेरीफ होता. तिचं काय करायचं ते मी बघेन. त्याचं काय करायचं ते तुम्ही बघा."

पाच विरुद्ध चार. प्रिचेटचं नाव गेलं. शाळेला आता समोरच्या रस्त्याचं नाव देणार आहेत. त्यांच्या धैर्याची मजल तेवढीच! माझं नाव मतपत्रिकेवर आहे, पण पक्षानं माझे फलक उतरवायला सुरुवात केली आहे. निवडून येणार नाही हे कळतंय. दोन दिवस संतापानं झोप नाही, आणि तरी का कोण जाणे, काल एका घराच्या दारात उभा होतो, बाईंनी नाव विचारलं आणि मी 'संग्राम' म्हणालो. त्यांनी तीन प्रयत्नांत बरोबर म्हटलं.

काकू आमच्याकडे आहेत. ते टक्कलवाले गृहस्थ काल बायकोला घेऊन आले होते, दोन तास बसले. तुझ्याविषयी काकू एक अक्षर बोलल्या नव्हत्या. आज सकाळी मी विचारलं, "मंगळवारी तुम्हाला बोस्टन विमानतळावर घ्यायला कुणाला सांगू?"

त्या टोस्टला लोणी लावत होत्या. लावून झालं, सुरी ठेवली, मग म्हणाल्या, "नंदाला सांग. साडेचारला उतरतं. आणि म्हणावं, घरी पोहोचेपर्यंत तिनं एक शब्द बोलायचा नाही. ह्या वेळी मी बोलणार आहे."

संग्राम